अजून न आलेली लाट

भारतीय तत्त्वज्ञानातील न्याय-वैशेषिक परंपरेत अभाव, म्हणजे एखाद्या गोष्टीचे नसणे, हा स्वतंत्र पदार्थ मानला जातो, आणि त्याच्या चार प्रकारांपैकी प्रागभाव हा सर्वांत विलक्षण म्हणावा लागेल, कारण त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. घडा घडण्यापूर्वीचे त्याचे नसणे अनादी काळापासून चालत आलेले असते आणि घडा आकाराला येताच ते संपते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’सारख्या प्राथमिक ग्रंथातही हे लक्षण सापडते, मात्र त्या नसण्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचा विचार तेथे नाही, बहुधा घड्यासाठी कोणी रात्र जागवत नाही म्हणून. करमणूक उद्यानात उभ्या राहणाऱ्या नव्या रोलर कोस्टरसाठी माणसे महिनोन्महिने थांबतात, त्यामुळे प्रतीक्षेचा विषय नेमका कोणता, हा प्रश्न तेथे अधिक धारदार होतो.

फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो येथे सीवर्ल्ड हे समुद्रजीवनावर आधारलेले उद्यान १९७३ पासून आहे. तेथे मे २०२३ मध्ये ‘पाइपलाइन’ हा रोलर कोस्टर सुरू झाला. लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याच्या खेळाची, म्हणजे सर्फिंगची, कल्पना त्यात योजलेली आहे. स्वार उभे असतात, आणि गाडी धावत असताना त्यांना पेलणारी आसने वरखाली होत राहतात. उभ्याने प्रवास करण्याचे कोस्टर जुनेच, पण आसनांची ही हालचाल नवी होती. येथे नैयायिकाची, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याची, अडचण सुरू होते. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, ज्याचा तो असतो त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगी ठाऊक नसेल तर त्याचा अभावही जाणता येत नाही. मग ज्याचा अनुभव कोणीच घेतलेला नाही, त्याची उणीव २०२२ मध्ये, केवळ घोषणा ऐकून, एखाद्याला कशी जाणवावी?

याचे उत्तर त्याच दर्शनातील उपमान या, साम्यावरून ज्ञान देणाऱ्या, प्रमाणात मिळते. गवय हा प्राणी गाईसारखा असतो, असे नगरातील माणसाने ऐकलेले असते, आणि पुढे अरण्यात तसा प्राणी दिसल्यावर हाच तो गवय, असे ज्ञान त्याला होते. कोस्टरची घोषणा नेमके ऐकीव साम्याचे काम करते: हे लाटेवर स्वार होण्यासारखे असेल. ज्याने लाटही पाहिलेली नाही आणि फळीही, त्याच्याही मनात त्यामुळे एक प्रतियोगी उभा राहतो, जरी तो पुष्कळसा उसना असला तरी.

मीमांसा दर्शनातील प्राभाकर पंथाच्या विचारवंतांना हे सारे अनावश्यक वाटेल, कारण त्यांच्या मते अभाव म्हणजे रिकामे अधिष्ठान, केवळ मोकळी जमीन, आणि कोस्टरसाठी कुंपणाआड खोदलेल्या मातीत मातीखेरीज काही नाही. परंतु एकाच कुंपणापाशी थांबलेल्या दोघांपैकी एकाला तेथे फक्त बांधकाम दिसते आणि दुसऱ्याला काहीतरी अजून नाही असे दिसते. प्राभाकर हा भेद जमिनीत नसून पाहणाऱ्यात आहे असे म्हणेल. त्याचे म्हणणे सहज खोडता येत नाही, हे मान्य करणे बरे.

प्रतीक्षा स्वारी सुरू झाल्यावरही संपत नाही. सीवर्ल्डमध्येच १९९८ मध्ये ‘जर्नी टू अटलांटिस’ हा कोस्टर सुरू झाला, ज्यात नाव पाण्यातून निघून उंच चढते, सुमारे ६० फूट खाली पाण्यात कोसळते आणि पुढे कोस्टरच्या रुळांवरही धावते. त्याचे नाव ज्या बुडालेल्या बेटावरून आले, त्याची कथा प्लेटोच्या ‘तिमायस’ आणि ‘क्रिटियस’ या दोन संवादांत येते, आणि दुसरा संवाद झ्यूस देवसभेत बोलणार एवढ्यात, वाक्याच्या मध्येच थांबतो. एका पदाला दुसऱ्या पदाची जी अपेक्षा असते तिला भारतीय भाषाचिंतनात आकांक्षा म्हणतात. ती पुरी झाल्याशिवाय वाक्यार्थ उभा राहत नाही. शिखराकडे संथ सरकणारी नाव हे असेच क्रियापदाची वाट पाहणारे वाक्य आहे. फरक इतकाच की झ्यूसचे भाषण कधी आले नाही, उतार मात्र येतो आणि आकांक्षा संपवतो.

‘आइस ब्रेकर’ या बर्फाच्या कल्पनेवर रचलेल्या कोस्टरने या विचारात आणखी एक गाठ घातली. तो २०२० मध्ये सुरू व्हायचा होता, पण महासाथीमुळे फेब्रुवारी २०२२ पर्यंत बंदच राहिला. रूळ उभे होते, म्हणजे वस्तूचा प्रागभाव संपला होता, तरीही प्रतीक्षा संपली नाही; म्हणून तिचा प्रतियोगी कोस्टर नव्हे, तर प्रत्येकाचा स्वतःचा अनुभव, असे मानावे लागते. पण जो त्यात कधीच बसणार नाही, त्याच्या अनुभवाच्या नसण्याला अंत नाही, आणि ज्याला अंत नाही तो प्रागभाव नव्हे. तो अत्यंताभाव, तिन्ही काळांतले नसणे. थांबलेल्या माणसाला आपण यांपैकी कोणत्या अभावात थांबलो आहोत हे कळण्याचे साधन नसते. अशा कोस्टरच्या तोंडाशी उंची मोजण्याची पट्टी असते. २०२० मध्ये दोन बोटे कमी पडली असती अशी काही मुले २०२२ पर्यंत तिच्या वर गेली असतील, आणि तेवढ्या काळात काहींची कोस्टरची हौसच ओसरली असेल.