शाहपूरचा शहजादा

बाळापूरला आलेला माणूस मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला पाहतो, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहतो आणि अकोल्याची गाडी धरतो. बाळापूरपासून सहा कोसांवर अकबराच्या दुसऱ्या मुलाने, मुरादने, शाहपूर वसवले होते. याची आठवण वऱ्हाडात आता फार थोड्यांना आहे. चांदबिबीला आपण लक्षात ठेवले, ते योग्यच केले. पण 1595 च्या अखेरीस अहमदनगरला वेढा घालून जो तिच्यापुढे अडला आणि 1596 च्या तहात वऱ्हाड घेऊन परतला, तो हाच तरुण. आपला मुलूख मोगलांकडे गेला तो त्याच्या हातून.

मुराद 1570 चा. सातव्या वर्षी त्याला सात हजारांची मनसब मिळाली. मोन्सेरात या जेझुइट पाद्र्याकडे तो पोर्तुगीज शिकला आणि अकराव्या वर्षी काबूलच्या मोहिमेत आघाडीवर होता. दख्खनेत उतरला तेव्हा फौज नावाने त्याची होती, पण अनुभवी सरदार आपल्याच तंत्राने चालत. त्यांतल्या खानखानान अब्दुर्रहीमशी त्याचे कधी पटले नाही. 1597 मध्ये गोदावरीकाठी आष्टीची मोठी लढाई झाली. ती खानखानानाने जिंकली, शहजादा शाहपुरातच राहिला. त्याच वर्षी त्याचा लहानगा मुलगा रुस्तम वारला. दारू आधीपासून होतीच, ती आता आवरेना. त्याला परत आणायला अकबराने अबुल फजलला पाठवले. तो पोचला आणि मे 1599 मध्ये, दौलताबादपासून वीस कोसांवरच्या छावणीत, मुराद गेला. एकोणतिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आधी शाहपुरात पुरलेला त्याचा देह पुढे दिल्लीला, हुमायूनच्या मकबऱ्यात नेला.

दारूने मेला, एवढे म्हणून इतिहास मोकळा होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. त्याच काळात जर्मनीत सॅक्सनीचा दुसरा ख्रिस्तियान आठव्या वर्षी गादीचा धनी झाला, कारभार दुसऱ्यांनी पाहिला, आणि 1611 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तोही दारूपायीच गेला. दोघांचा धर्म वेगळा, दरबार वेगळा. पण दोघांनाही मान आधी मिळाला, काम नंतर, आणि मधल्या वर्षांत त्यांना अडवणारे जवळ कोणी नव्हते. अशा पोराला शहाणपण यावे कुठून? आणि त्याच्या नावाने निघालेल्या फौजा ज्या गावांवरून गेल्या, तिथल्या कुणब्यांनी काय सोसले, हे कोणत्याही बखरनविसाने विचारले नाही. मुरादची कीव करताना मला ती गावे विसरवत नाहीत.

अकबराने पुढे धाकट्या मुलाला, दानियालला, त्याच दख्खनेत पाठवले. त्याच्या दारूवर पहारा बसवला, तर चाकरांनी ती बंदुकीच्या नळीत भरून आत नेली. मुरादनंतर सहा वर्षांच्या आत तोही बुऱ्हाणपुरात मेला.