परवाना सोपा, रेघ पक्की

न्यूयॉर्कमध्ये २०२० च्या मार्चपर्यंत हॉटेलबाहेर फुटपाथवर चार टेबले मांडायची तर आधी एक जाडजूड फाइल तयार व्हावी लागे. अर्ज आधी शहराच्या ग्राहकविषयक खात्याकडे, मग त्या वस्तीच्या कम्युनिटी बोर्डापुढे, मग नगर परिषदेकडे असा फिरत राही आणि त्यात महिनोन्‌महिने जात. शहराच्या कितीतरी भागांत तर झोनिंगच्या नियमांमुळे अशी टेबले मुळात मांडताच येत नसत. हजारो हॉटेले असलेल्या त्या शहरात फुटपाथवरचे कॅफे बाराशे-चौदाशेच्या घरातच राहिले, आणि त्यातले बहुतेक मॅनहॅटनमध्ये. ब्रॉंक्समध्ये किंवा क्वीन्समध्ये खानावळ चालवणाऱ्या स्थलांतरिताकडे वकील लावायला पैसा नव्हता आणि सुनावण्यांना जायला वेळ नव्हता. मग कोविड आला, हॉटेलांची आतली दालने बंद झाली आणि २२ जून २०२० पासून शहराने नियमच उलटा केला. मालकाने ऑनलाइन अर्ज भरायचा, फुटपाथवर चालणाऱ्यांसाठी आठ फूट मोकळे सोडतो, अग्निशमनाच्या नळापासून अंतर राखतो असे स्वतःच लिहून द्यायचे आणि टेबले मांडायची. शुल्क नाही, सुनावणी नाही. गाड्या उभ्या राहण्याची पट्टीही वापरायला मिळाली. या योजनेत बारा हजारांहून अधिक हॉटेले आली. तिने एक लाख नोकऱ्या वाचवल्या असे शहर प्रशासन सांगते. तो दावा बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच की ज्या वस्त्यांत रस्त्यावरचे टेबल कधी दिसले नव्हते तिथे ते दिसले, आणि त्यासाठी कुणाला नवा रस्ता बांधावा लागला नाही. जागा होतीच, ती मिळवण्याची वाट अडलेली होती.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि या योजनेच्या समर्थकांनी पुढचा भाग सांगताना आवाज खाली आणू नये. पार्किंगच्या पट्टीत लाकडी शेड उभ्या राहिल्या. काही देखण्या होत्या, पण कित्येक चारही बाजूंनी बंद, म्हणजे बाहेर बसण्याचा हेतूच हरवलेल्या. फळ्यांखाली कचरा साचला, उंदीर झाले. हॉटेल बंद पडले तरी त्याची शेड रस्त्यावर तशीच राहिली, आणि अशा बेवारस शेड पाडण्यासाठी २०२२ च्या ऑगस्टमध्ये शहराला वेगळे पथक नेमावे लागले. रहिवासी न्यायालयात गेले. अखेर २०२३ मध्ये कायमस्वरूपी कायदा झाला आणि लंबक पुन्हा दुसऱ्या टोकाला गेला. रस्त्यावरची मांडणी फक्त १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर या काळात, बंदिस्त शेडला मनाई, फुटपाथ आणि रस्ता यांच्या परवान्यांना प्रत्येकी १,०५० डॉलर, शिवाय अनामत आणि जागेच्या क्षेत्रफळानुसार दरवर्षी भाडे. भाडे घ्यायला माझी मुळीच हरकत नाही; सार्वजनिक जागेचे भाडे घेतलेच पाहिजे. खरा अडसर पुन्हा साखळीचा झाला. कम्युनिटी बोर्ड, सुनावणी, परिषद, करार, नियंत्रकाकडे नोंदणी ही साखळी इतकी लांबली की २०२५ च्या वसंतात हंगाम उघडताना फार थोड्यांचे काम पूर्ण झाले होते, आणि परिवहन खात्याला बाकीच्यांना सशर्त मंजुरी देऊन वेळ मारून न्यावी लागली. दर हिवाळ्यात सगळे उचलून साठवायचा खर्च वेगळाच. महासाथीच्या काळातल्या हॉटेलांपैकी बहुतेकांनी नव्या योजनेकडे पाठ फिरवली.

या दोन्ही अपयशांचे मूळ मला एकच दिसते. रस्त्यावरच्या टेबलाबाबत नगरपालिकेपुढे दोन प्रश्न असतात. इथे जागा आहे का, हा पहिला. हा माणूस नीट वागेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजपट्टी देते. फुटपाथ किती रुंद, नळ कुठे, वळण किती दूर, उतार कुठे, हे एका दुपारी मोजून होते आणि त्यासाठी निवडून आलेल्या सभागृहाचे मत लागत नाही. दुसऱ्याचे उत्तर अगोदर कुणीच देऊ शकत नाही, कितीही सुनावण्या घेतल्या तरी. ते टेबल मांडल्यानंतरच कळते: रात्री अकरा वाजता, पावसात, शनिवारच्या गर्दीत. जुन्या न्यूयॉर्कने सगळी तपासणी परवान्याच्या आधी रचली. २०२० च्या न्यूयॉर्कने आधीची तपासणी काढली, पण नंतरची उभी केली नाही. २०२३ ला शहर घाबरले आणि पुन्हा आधीकडे वळले. परवाना मिळणे सोपे असावे आणि तो टिकवणे कठीण असावे, हा माझा आग्रह आहे. माणसे, पैसा आणि अधिकार टेबल मांडल्यानंतरच्या देखरेखीत घालावेत.

हे नुसते स्वप्नरंजन नाही. इंग्लंडने २०२० च्या जुलैमध्ये कायदा करून फुटपाथवर टेबले मांडण्याचा जलद परवाना आणला. शुल्काला शंभर पौंडांची कमाल मर्यादा, लोकांच्या हरकतींसाठी सात दिवस, निर्णयासाठी आणखी सात. त्या मुदतीत स्थानिक संस्थेने उत्तर दिले नाही, तर परवाना मिळाला असे कायदा धरून चालतो. ३१ मार्च २०२४ पासून ही पद्धत कायमची झाली. शुल्काची मर्यादा नव्या अर्जाला ५०० आणि नूतनीकरणाला ३५० पौंड झाली, दोन्ही मुदती चौदा-चौदा दिवसांच्या झाल्या, आणि विनापरवाना मांडलेले सामान उचलून नेण्याचा स्पष्ट अधिकार स्थानिक संस्थेला मिळाला. या शेवटच्या दोन गोष्टी एकत्र आहेत हे मला सर्वांत मोलाचे वाटते. कार्यालयाला तारखेने बांधले आणि हॉटेलवाल्याला जागेने. ही कल्पना आपल्याकडे परकी आहे असेही कुणी म्हणू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर, प्रस्ताव विकास योजनेशी सुसंगत असल्यास, बांधकामाला मानीव परवानगी मिळण्याची तरतूद आहे. इमारतीसाठी जे चालते ते चार टेबलांसाठी चालू नये, याला कारण नाही.

रहिवाशांचा आक्षेप मात्र जड आहे आणि तो झटकून टाकणे अन्यायाचे होईल. लंडनच्या सोहो भागात २०२० मध्ये संध्याकाळी रस्ते गाड्यांना बंद करून टेबले मांडली गेली. हॉटेलांना ती योजना फार भावली, पण वर राहणाऱ्यांना रात्रीचा गोंगाट, दाराशी गाडी न पोहोचणे आणि गर्दी सोसावी लागली. २०२१ च्या सप्टेंबरअखेर योजना थांबली. हॉटेल चालते पहिल्या मजल्याखाली आणि झोप होते त्याच्या वर, हे सत्य कोणत्याही अर्जात बदलत नाही. पण या आक्षेपावर उपाय कोणता? सुनावणीला येऊन विरोध करण्याची एक संधी रहिवाशाला देणे हा दुबळा उपाय आहे, कारण सुनावणी होते तेव्हा आवाज अजून सुरू झालेला नसतो, आणि आवाज सुरू होतो तेव्हा सुनावणी संपून वर्ष उलटलेले असते. पॅरिसने उन्हाळी मांडणीला १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर आणि रात्री दहापर्यंत अशी सरळ हद्द घातली. दहा वाजून गेले की नाही यावर वाद घालता येत नाही. दहानंतर टेबल दिसले तर दंड, तिसऱ्यांदा दिसले तर त्या हंगामापुरता परवाना रद्द, असा नियम असेल तर वरच्या मजल्यावरच्या आजींच्या हाती सुनावणीच्या निमंत्रणापेक्षा खूप अधिक काही पडते.

सार्वजनिक जमिनीवर खाजगी नफा का, हा दुसरा आक्षेप. प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यांना सारखा विचारावा. न्यूयॉर्कच्या रस्त्यांकडेला गाड्या उभ्या करण्याच्या सुमारे तीस लाख जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक फुकट आहेत. तिथे एका माणसाची मोटार दिवसभर निपचित उभी राहते तेव्हा त्याला आपण खाजगी वापर म्हणत नाही. पुण्यात २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगला दर लावण्याचे धोरण मंजूर केले आणि ते विरोधात अडकून पडले. तेव्हा रस्त्यावर मोफत हक्क कुणाचा मानला जातो हे स्पष्ट दिसले. म्हणून माझे मत असे की आपल्या शहरांत हॉटेलला जागा द्यायचीच असेल तर ती पार्किंगच्या पट्टीतून द्यावी, बाजारभावाने द्यावी, आणि फुटपाथला जवळपास हात लावू नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर अडथळ्याविना मिळायला हवेत, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोर येऊन निघून जातील इतके. झाडाचे कुंपण, विजेची पेटी, केबलचा चेंबर वगळून एवढी रुंदी आपल्या बहुतेक रस्त्यांवर शिल्लक नाही. जिथे नाही तिथे हॉटेलचा अर्ज स्वीकारूच नये. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसासाठी काल नसलेली खुर्ची आज वाटेत असणे म्हणजे गुडघा फुटणे, आणि त्या गुडघ्यापुढे कुणाच्याही धंद्याचा हिशेब छोटा आहे.

आता आपल्या शहरांचा सर्वांत अवघड भाग. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर २०२० मध्ये जागा रिकामी होती. मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर ती रिकामी नाही. तिथे भाजीवाली आहे, वडापावची गाडी आहे, चप्पल शिवणारा आहे. त्यांना हटवण्याच्या अधिकाराची आपल्याकडे उणीव कधीच नव्हती. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३१४ आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाचे कलम २३१ आयुक्तांना रस्त्यावरची वस्तू नोटीस न देता उचलण्याची मुभा देतात. एवढा अधिकार असून फुटपाथ मोकळे का नाहीत? कारण कायदेशीर होण्याची वाटच जवळजवळ बंद आहे. जिथे सगळेच बेकायदा, तिथे एक फूट पुढे आलेला आणि दहा फूट पुढे आलेला सारखेच दोषी ठरतात. अतिक्रमण विभागाची गाडी येते, सामान उचलते, गाडी वळली की सामान परत येते. मधल्या काळातल्या शांततेला हप्ता नावाची किंमत पडते आणि ती पालिकेच्या तिजोरीत जात नाही. फेरीवाल्यांसाठी क्षेत्रे आखा असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या प्रकरणात १९८५ मध्येच सांगितले. पथविक्रेत्यांचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला. त्यानुसार मुंबईत नगर पथविक्रेता समितीसाठी विक्रेत्यांचे मतदान व्हायला २०२४ चा ऑगस्ट उजाडला. परवाना अवघड ठेवल्याने शिस्त येते असे ज्यांना वाटते, त्यांनी या जवळपास चाळीस वर्षांकडे पाहावे.

म्हणूनच हॉटेलांच्या टेबलांची मागणी करणारे जेव्हा शहराच्या रौनकीची भाषा बोलतात, तेव्हा मला पहिला प्रश्न विचारावासा वाटतो की त्या रस्त्यावर आज उभी असलेली वडापावची गाडी कुठे जाणार. ज्याला कायद्याने आधी हक्क दिला त्याला वाट पाहायला लावून, ज्याच्याकडे आधीच दुकान आणि भाडेकरार आहे त्याला फुटपाथ देणे मला मान्य नाही. दोघांची मोजणी एकाच दिवशी, एकाच नकाशावर व्हावी, आणि जागा अपुरी पडली तर आधी विक्रेत्याची जागा आखावी. हंगामी जागा गरजूंना नियमाने वाटता येते, हे गोव्याने किनाऱ्यावरच्या शॅकच्या बाबतीत करून दाखवले आहे. तिथे पर्यटन खाते सोडत काढून स्थानिकांना हंगामापुरती जागा देते, बांबू-लाकडाचे तात्पुरते बांधकाम आणि पावसाळ्याआधी सगळे उचलणे ही अट असते. परवाना दुसऱ्याला पोटभाड्याने देण्याची तक्रार तिथेही कायम आहे. तरी कुणाची जागा कुठे आणि कधीपर्यंत, हे तिथे ठरते.

राहिला शेवटचा आणि आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: देखरेख करणाराच पैसे खाईल, मग नंतरच्या शिस्तीवर भरवसा कसा ठेवायचा? मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत चौदा माणसे गेली, आणि त्यानंतर परवाने आणखी कडक करा अशी ओरड झाली. ती स्वाभाविक होती. पण गच्चीवरच्या ज्या आच्छादनाने आग पसरवली ते कागदावर नव्हते, प्रत्यक्ष डोक्यावर होते, आणि रोज पाहिल्याशिवाय ते कुणाला दिसणार नव्हते. आधीच्या तपासणीतही पैसे खाल्ले जातातच. फरक एवढाच की ते बंद दाराआड असते. रस्त्यावरची रेघ मात्र सगळ्यांना दिसते. जागेची हद्द रंगाने आखावी, परवान्याचा नकाशा, टेबलांची संख्या आणि वेळ दर्शनी फलकावर लावावी, म्हणजे तपासनीस एकच राहत नाही. शेजारचा दुकानदार, दृष्टिहीनांची संस्था, समोरच्या इमारतीतले निवृत्त शिक्षक, कुणीही मोजपट्टी घेऊन तक्रार करू शकतो, आणि तक्रारीचा निकाल किती दिवसांत लावायचा हे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करता येते. त्या कायद्यात चुकार अधिकाऱ्याला दंड आहे.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगून राज्यांना पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. त्या तत्त्वांत मोकळ्या रुंदीचा आकडा लिहिला जाईलच. त्याच्या शेजारी उरलेल्या जागेचे काय, हेही लिहावे. पुणे महापालिका २०२१ पासून दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांविना ठेवून पादचारी दिन साजरा करते. त्याच रस्त्याची एक बाजू एका हिवाळ्यापुरती मोजून, रंगवून, फलक लावून आणि भाडे ठरवून चालवता येईल. आखणी पथविक्रेत्यांपासून सुरू करावी आणि हॉटेलांचे अर्ज त्यानंतर उघडावेत. जमलेले भाडे त्याच रस्त्याच्या फुटपाथच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे आणि ते किती जमले, कुठे खर्च झाले, हेही त्या फलकांवर लिहावे.