रंगाखालचा गंज



काशीला गेलात की मणिकर्णिका घाटावर थोडा वेळ थांबा. अहिल्यादेवी होळकरांनी १८व्या शतकात याचा जीर्णोद्धार केला, तेव्हा हा घाट आपल्याला परका नाही. सगळ्यांची नजर चितांकडे जाते. तुम्ही एकदा खाली, पाण्यालगतच्या होड्यांकडे पाहा. चितेचं लाकूड इथे नदीतूनही येतं.

लाकडी होडीच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी आणि पट्ट्यांनी जखडलेल्या असतात. त्यांवर गंज जास्त कुठे चढतो? जिथे लोखंड भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं तिथे. गंजाला पाणीही हवं आणि हवाही. गंगेचं पाणी गोडं, म्हणून कोकणातल्या खाऱ्या पाण्यापेक्षा इथे हे काम सावकाश चालतं. थांबत मात्र नाही.

शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. खिळा फुगतो, भोवतीचं लाकूड काळं पडतं, चिरतं. जो फळ्या धरून ठेवायला ठोकला, तोच त्यांना फोडतो! (आम्हा कॉमर्सवाल्यांच्या वहीत घसारा ठरलेल्या टक्क्याने लिहितात. गंजाला असली शिस्त नसते.)

आता आपल्या घराकडे या. परक्याचा शब्द आपण विसरतो. सख्ख्या भावाचा धरून ठेवतो. सणाला भेटायचं, हसायचं, मग वर्षभर अबोला. भिजणं आणि वाळणं दोन्ही चालू. जमिनीच्या वाटणीतलं एक वाक्य बघता बघता सगळं घर व्यापतं. मग दोघे भाऊ वडिलांना खांदा देतात आणि चितेसमोरही एकमेकांशी बोलत नाहीत. अग्नी देह नेतो. अढी जिवंत माणसांबरोबर घरी परतते.

गंज न खरवडता वर रंग दिला तर होडी नवी दिसते, आणि रंगाखाली गंजाचं काम चालूच राहतं. बोलायला कठीण आहे, पण आपला जप, आपली सेवा कधीकधी असा रंग होते. जाणकार कारागीर आधी होडी कोरड्यावर ओढतो, लोखंड उघडं होईपर्यंत घासतो, आणि खिळा पार गेला असेल तर उपटून नवा ठोकतो.

आज ध्यानाला बसाल तेव्हा ज्या माणसाच्या आठवणीने श्वास अडतो, त्याला टाळू नका. उठलात की माळ बाजूला ठेवा आणि त्याला फोन लावा. जुना विषय काढू नका. तब्येत विचारा, जेवण झालं का विचारा.