निनावी हात

स्वतःचे नाव स्वतः झाकणे आणि दुसऱ्याने ते झाकणे, या दोहोंना आपण सरसकट नम्रता म्हणतो. अमेरिकन चित्रकार कार्ल बार्क्स यांचे उदाहरण पाहावे. १९४२ पासून १९६६ पर्यंत त्यांनी डोनाल्ड डकच्या विनोदी चित्रकथा रेखाटल्या, बहुतेक स्वतःच लिहिल्याही. १९४७ साली कवडीचुंबक स्क्रूजकाका निर्माण केला. अंकावर नाव मात्र वॉल्ट डिस्ने यांचे. तरीही वाचकांनी हात ओळखला! ‘तो चांगला बदक-चित्रकार’ एवढीच त्यांची ओळख. १९६० साली एका वाचकाने नाव शोधून पत्र धाडले, तेव्हा बार्क्स यांना ती कोणाची तरी थट्टाच वाटली.

पानामागे ठरलेला मोबदला मिळत होता, मग अन्याय कोठे, असे कोणी विचारील. मोबदल्याने श्रमाचे देणे फिटते. ‘हे कोणी केले?’ या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचे कर्तव्य फिटत नाही. शिवाय निनावीपण हे दान मानले, तर ते देणाऱ्याच्या इच्छेनेच दिले जावयास हवे.

निवृत्तीनंतर, १९७१ पासून, डिस्ने कंपनीच्या परवानगीने बार्क्स त्याच बदकांची तैलचित्रे काढू लागले. त्यांवर सही त्यांची स्वतःची असे.