घोडा का पडला?

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि पाने का सडली, या तीन प्रश्नांना मिळून एकच उत्तर द्या, असे कोडे आमच्या लहानपणी घरोघर घातले जाई. ‘न फिरविल्यामुळे’ हे उत्तर सर्वांनाच ठाऊक असे. तरीही ते कोडे पुनःपुन्हा घालण्यात गंमत वाटे. तीन निरनिराळ्या अनर्थांना एकच कारण पुरते, यात बालबुद्धीला मोठे समाधान असते. प्रौढपणीही हे समाधान माणसाच्याने सोडवत नाही. अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींविषयी गेल्या काही वर्षांत जे वाचनात आले, त्यात प्रश्न अवघ्या एका अक्षराने बदललेला दिसतो. घोडा का अडला, असे तेथे कोणी विचारीत नाही. घोडा का पडला, असे विचारतात. आणि या कोड्यालाही बरेच जण एकच उत्तर देऊन मोकळे होतात: जमीन.

लॉस एंजेलिसजवळ आर्केडिया येथे, सान गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी, सांता अनिता नावाचे रेसकोर्स आहे. १९३४ सालच्या नाताळच्या दिवशी ते उघडले. अमेरिकेतल्या नामांकित आणि देखण्या रेसकोर्सांत त्याची गणना होते. तेथे २६ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झालेला हंगाम २३ जून २०१९ रोजी संपला, तेव्हा शर्यतींत आणि सकाळच्या सरावात मिळून तीस घोडे मेले होते. त्या हिवाळ्यात तेथे नेहमीपेक्षा फार पाऊस झाला होता. मार्चच्या आरंभी शर्यती थांबविण्यात आल्या, जमीन खणून, तपासून पाहिली गेली, ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला आणि २९ मार्चला घोडे पुन्हा धावू लागले. त्यानंतरही काही घोडे पडलेच.

येथे थोडे थांबून ही जमीन म्हणजे काय प्रकार आहे ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे गवतावर धावतात. अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती बहुतांशी मातीवर होतात. ही माती म्हणजे शेतातली काळी माती नव्हे. खाली दाबून पक्का केलेला थर आणि त्यावर काही इंच जाडीचा, वाळू, गाळ आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचा मोकळा थर, अशी तिची रचना असते. वरचा थर दातेरी कुळव चालवून सतत भुसभुशीत ठेवतात आणि त्यावर पाणी शिंपडतात. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, म्हणजे ओल फार नाही आणि कोरडेपणाही नाही, तशी स्थिती कृत्रिम उपायांनी टिकवून धरण्याचा हा खटाटोप असतो. पाऊस येणार असे दिसले, की हाच थर रूळ फिरवून घट्ट दाबून टाकतात, म्हणजे पाणी आत न मुरता वरच्यावर वाहून जाते. पाऊस संपला की पुन्हा मोकळा करतात. दाबलेल्या जमिनीवर धावणाऱ्या घोड्याच्या पायाला बसणारा दणका मोकळ्या जमिनीवरच्याहून अधिक असतो, हे उघड आहे. त्याहून घातक म्हणजे विषमता. दहा पावले मऊ आणि अकरावे टणक, अशा जमिनीवर कोणताही पाय आपला अंदाज बांधू शकत नाही.

आणि तो पाय तरी कसला? साडेचारशे ते पाचशे किलोंचा देह ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चालला असताना प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो, की पुढच्या एकाच पायावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार पडतो. तो भार गुडघ्याखालच्या नळीच्या हाडावर आणि खुराच्या वरच्या सांध्यावर येतो. तेथे मांस नाही. हाड, शिरा आणि कातडे एवढेच आहे. तो सांधा मोडला, की बहुधा घोड्याला वाचविता येत नाही, कारण घोडा माणसासारखा महिना दोन महिने अंथरुणावर पडून राहू शकत नाही. बार्बारो हा २००६ सालचा केंटकी डर्बीचा विजेता त्यानंतर दोनच आठवड्यांनी मागच्या उजव्या पायाने मोडला. पैशाची वा वैद्यकाची कोणतीच उणीव नव्हती. मोडलेला पाय पुष्कळ सुधारलाही; पण त्याचा भार वाहणाऱ्या डाव्या पायाचा खूर आतून सुजून निकामी झाला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला इंजेक्शन देऊन मरण द्यावे लागले.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण येथे कोणालाही आठवेल. परंतु ती नीट लागू पडत नाही. येथे नाचणारा एक आहे आणि अंगणाला वाकडे म्हणणारा दुसराच आहे. शिवाय अंगण कधी कधी खरोखरच वाकडे असते.

तसे ते असावे, अशी शंका कॅलिफोर्नियाला पूर्वीच आली होती. तेथील रेसिंग बोर्डाने २००६ साली मोठ्या रेसकोर्सांना माती काढून कृत्रिम जमीन घालण्याचा आदेश दिला. मेणाने माखलेली वाळू, धागे आणि रबराचे तुकडे यांची ती असते. सांता अनिताने २००७ मध्ये ती घातली. पहिल्याच हिवाळ्यात तिच्यातून पाण्याचा निचरा होईना आणि शर्यतींचे कितीतरी दिवस वाया गेले. मग दुसऱ्या प्रकारची घातली. आणि २०१० च्या डिसेंबरात पुन्हा माती आली. केंटकीतील कीनलँडनेही २०१४ साली हाच मार्ग धरला. पुढच्याच वर्षी ब्रीडर्स कप ही मोठी स्पर्धा तेथे भरली. या माघारीची काही कारणे खरी होती: निचऱ्याची अडचण, मागच्या पायांच्या दुखापतींविषयी प्रशिक्षकांच्या तक्रारी. पण आणखीही एक कारण होते. डर्बी मातीवर धावली जाते. पैदाशीच्या बाजारात किंमत मातीवर जिंकलेल्या घोड्याला येते. पैजा लावणाऱ्यांचे वर्षानुवर्षांचे आडाखे मातीचे आहेत. अमेरिकेच्या जॉकी क्लबने दुखापतींची जी नोंदवही ठेवली आहे, तिच्यात जवळजवळ दर वर्षी कृत्रिम जमिनीवरील मृत्यूंचे प्रमाण मातीपेक्षा कमी दिसते. म्हणजे ज्या काळी हा निर्णय फिरविला गेला, त्या काळी आकडे बोलू लागले होते. फक्त त्यांचा आवाज इतरांच्या मानाने लहान होता.

मात्र सगळा दोष जमिनीवर टाकणाऱ्यांनाही सांता अनिताच्या चौकशीने निश्चिंत होऊ दिले नाही. कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने मार्च २०२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. बंदी असलेल्या औषधांचा पुरावा सापडला नाही. पण ज्यांची हाडे मोडली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाडात, मोडले त्याच जागी, आधीपासून बिघाड होता. कठोर श्रमाने हाडात सूक्ष्म चिरा पडतात. शरीर ते दुखावलेले हाड काढून टाकते आणि नवे भरते. काढण्याचे काम लवकर होते, भरण्याला महिने लागतात. या मधल्या काळात हाड पोकळ, दुबळे असते, आणि बाहेरून घोडा तुकतुकीत दिसतो. विश्रांतीनंतर ताज्या दमाने मैदानात उतरलेला घोडा म्हणूनच कधी कधी सर्वांत धोक्यात असतो. आमच्या कोड्यातले ‘न फिरविल्यामुळे’ हे उत्तर इतके खोल जाईल, असे लहानपणी वाटले नव्हते. घोडे उतरविण्याविषयी आपल्यावर दडपण आणले गेले, असेही काही प्रशिक्षकांनी त्या चौकशीत सांगितले.

२०२३ साली चर्चिल डाऊन्स येथे, म्हणजे खुद्द डर्बीच्या घरी, एप्रिलअखेरपासून मेअखेरपर्यंत बारा घोडे मेले. जमीन तज्ज्ञांनी तपासली. तिच्यात दोष आढळला नाही. उरलेल्या शर्यती दुसऱ्या रेसकोर्सवर हलविण्यात आल्या, आणि पुढे झालेल्या चौकशीतही सर्व मृत्यूंना पुरेसे असे एक कारण हाती लागले नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी सरकारी चौकश्यांच्या फायली हाताळल्या असतील. ‘कोणतेही एक कारण निश्चित करता येत नाही’ हे वाक्य त्यांच्या परिचयाचे असेल. ते खोटे नसते, हीच त्यातली अडचण आहे. जमीन थोडी टणक, हाड थोडे कच्चे, वैद्याची तपासणी थोडी घाईची, मालकाला थोडी निकड, शर्यतीत घोड्यांची संख्या भरून काढण्याची व्यवस्थापनाला थोडी गरज. प्रत्येकाचा वाटा क्षम्य, आणि बेरीज मात्र अक्षम्य. अशा ठिकाणी ‘अपघात’ हा शब्द फार उपयोगी पडतो. पण तो वापरण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा आमचा खरा प्रश्न आहे.

अपघात म्हणजे जे आधी कळत नाही ते. वर सांगितलेल्या नोंदवहीप्रमाणे २००९ साली दर हजार धावांमागे दोन घोडे दगावले. २०२२ साली हे प्रमाण १.२५ वर आले. पुढच्या वर्षी ते किंचित वाढून १.३२ झाले. कोणता घोडा पडेल हे सांगता येत नाही, हे खरे. पण किती पडतील हे पुष्कळसे सांगता येते. (सकाळच्या सरावात मेलेले घोडे या हिशेबात धरलेलेच नाहीत.) हा उतार पाहून संबंधितांना अभिमान वाटतो आणि तो वाटणे योग्यही आहे. २०२० साली झालेल्या कायद्याने राष्ट्रव्यापी नियंत्रण आले, वैद्यकीय तपासण्या कडक झाल्या. खुद्द सांता अनितालाही घोड्याला उभ्यानेच ठेवून त्याच्या पायाच्या हाडाचे अंतरंग पाहणारे यंत्र आले आणि त्याच मातीवर मृत्यू बरेच कमी झाले. परंतु या यशाची दुसरी बाजू कोणी उच्चारीत नाही. जे मृत्यू टळले, ते टाळता येण्याजोगे होते, हे आता सिद्ध झाले. मग पूर्वी, दर वर्षी, आठांतले तीन घोडे ज्याला आपण दैव म्हणत होतो त्याने मेले नव्हते. आणि आजचे जे उरले आहेत, त्यांतले किती दैवाचे, हेही पुढची पिढीच सांगेल.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. जॉकीही पडतो, तोही मरतो. त्याच्याविषयी आपण असा विचार करीत नाही. पण जॉकीने हा धंदा पत्करला आहे आणि आज पाय दुखतो, धावत नाही, असे तो म्हणू शकतो. दुसरे उत्तर अधिक अवघड आहे: शर्यत नसती तर हा घोडा जन्मालाच आला नसता, त्याची पैदास, त्याचा दाणा, त्याचा खरारा, सारे शर्यतीसाठी. हे खरे आहे. मात्र ज्याला आपण आपल्या हेतूसाठी जन्माला घातले, त्याच्याविषयीचे आपले ऋण त्यामुळे कमी होते की वाढते? आमच्या मते वाढते. आईबापांनी मुलाला ‘तुला आम्ही जन्म दिला’ असे सांगून त्याचे हाडही मोडावे, असे कोणतेच शास्त्र सांगत नाही.

मराठ्यांच्या फौजेत शिलेदार आणि बारगीर असा भेद असे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजी बुडे. त्यामुळे तो घोड्याला जपे. कधी कधी लढाईपेक्षाही अधिक जपे, असा त्याच्यावर ठपका येई. ती भूतदयाच होती असे आम्ही म्हणत नाही. पण घोड्याच्या पायाखाली काय आहे, हे पाहणारा, घोड्याच्या पाठीवर बसणारा आणि घोड्याच्या मरणाने बुडणारा माणूस तेथे एकच होता. आजच्या शर्यतीत मालक एक, प्रशिक्षक दुसरा, स्वार तिसरा, जमीन राखणारा चौथा, आणि पैसे लावणारे हजारो. घोडा मेला तर संपूर्ण बुडणारा यांच्यात कोणी नाही. सारेच बारगीर.

आपल्याकडे मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात, अशी वाटणी आहे. पावसाळी गवतावर धावायचे म्हणजे जमिनीची परीक्षा अधिकच आवश्यक. त्यासाठी पेनेट्रोमीटर नावाचे साधे साधन वापरतात: ठराविक उंचीवरून ठराविक वजन एका दांड्यावर पडू द्यायचे आणि दांडा जमिनीत किती रुतला ते मोजायचे. हा आकडा शर्यतीपूर्वी जाहीर होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ ठरविला. जमीन मऊ की टणक हे पाहून घोडा निवडणे, हा पैज लावणाऱ्याच्या कौशल्याचाच भाग होय. म्हणजे तो आकडा हजारो लोक लक्षपूर्वक वाचतात. ओल्या जमिनीवर कोणता घोडा जिंकेल, एवढेच ते त्यात शोधतात.

हे लिहिताना आम्ही स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. नोकरीच्या निमित्ताने एका मोठ्या शहरी असताना सहकाऱ्यांच्या आग्रहावरून आम्ही एकदा तेथील रेसकोर्सवर गेलो होतो. सरकारी नोकराने तेथे जावे की नाही, यावर वाटेत टांग्यात बराच काथ्याकूट झाला, आणि गेल्यावर कोणालाच त्याची आठवण राहिली नाही. तिसऱ्या की चौथ्या शर्यतीत, वळण संपता संपता, एक बदामी घोडा एकाएकी खाली गेला. लगेच तिघाचौघांनी धावत जाऊन भोवती हिरव्या कापडाचा आडपडदा धरला. पडद्यामागे काय झाले ते आम्हांला दिसले नाही; ते दिसू नये म्हणूनच तो होता. थोड्या वेळाने एक मोतद्दार नुसता लगाम हातात घेऊन कठड्याच्या कडेने परत जाताना दिसला. माळ्यांनी उखडलेली ढेकळे पायांनी दाबून जागच्या जागी बसविली.

त्या शर्यतीत आम्ही दहा रुपये लावले होते. आमचा घोडा पहिला आला. खिडकीपुढे मोठी रांग होती आणि पुढच्या शर्यतीची घंटा होण्याच्या आत पैसे मिळतील की नाही, याच विवंचनेत आम्ही त्या रांगेत उभे होतो.