सेवेचा हिशेब

बिद्रीसारख्या गावातील मुलगा वा मुलगी पदवी घेऊन घरी आली की तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या जातात: शहरातील चांगल्या पगाराची नोकरी, नाहीतर सर्वस्व सोडून समाजसेवा. व्यवसाय करून त्यातूनच गरिबांचे भले साधावे, असे तिने म्हटले की वडीलधारी मंडळी साशंक होतात. ज्यात नफा आहे तिला सेवा म्हणावे काय? आणि सेवेवर संसार चालेल काय?

वस्तुतः ही तिसरी वाट बिद्रीला अनोळखी नाही. येथील दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणारा शेतकरीच त्याचा सभासद असतो; भाग कितीही असोत, मत एकच. तेथील रसायनतज्ज्ञ पगार घेतो म्हणून शेतकऱ्याचे हित बुडत नाही; उलट त्याच्या ज्ञानावरच ते अवलंबून असते.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकिकतही बोलकी आहे. मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना सिन्हा तेथे राहावयास गेल्या. लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना पावसाळ्याआधी छपरावर घालण्याच्या प्लास्टिकसाठी बचत करावयाची होती. रक्कम इतकी लहान की बँका खाते उघडेनात. त्यातून स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचे ठरले. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या स्त्रिया लिहावाचावयास शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी घाला, असे अधिकाऱ्यांना म्हणाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पदवीने येथे त्या स्त्रियांची जागा घेतली नाही. त्यांच्या शहाणपणाला कायद्याच्या दारापर्यंत नेले.

तथापि सद्हेतू पुरेसा नाही. दात्याचा अंदाज चुकला तर त्याचे स्वतःचे पैसे जातात. अशा बँकेचा हिशेब चुकला तर त्या बाईंचे छप्पर जाते. म्हणून येथे काटेकोर जमाखर्च हीच शेजाऱ्यावरील प्रीती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'सेंतेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात, नफा ही उद्योग नीट चालल्याची खूण आहे, असे मान्य केले. मात्र हिशेब जुळत असतानाही त्यातील माणसे तुडवली जाऊ शकतात, हेही बजावले. काम करणाऱ्यास पोटापुरते वेतन मिळणे हा तर न्यायच होय, आणि तो पदवीधरालाही लागू आहे.

मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या आईवडिलांनी 'पगार किती?' असे जरूर विचारावे. त्यात लोभ नाही. परंतु त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत, असे आम्हांला वाटते. ज्यांच्या भल्यासाठी हा व्यवसाय आहे, त्यांना तुझा हिशेब तपासता येतो काय? आणि ते तुला 'नाही' म्हणू शकतात काय? उत्तर होकारार्थी असेल तर लेकराला अडवू नये. नसेल तर दारावर सेवेची पाटी असली तरी आत दुकानच आहे, असे समजावे.