सेवा आणि विसावा

अमेरिकेत डॉक्टर होण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांपैकी ऑस्टिओपॅथीचा मार्ग अँड्र्यू टेलर स्टिल यांनी घालून दिला. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांच्या घरातील तीन मुले दगावली. प्रचलित उपचार निष्फळ ठरले. त्या दुःखाने त्यांना नव्या शोधाला लावले. १८९२ साली मिझुरीतील कर्क्सव्हिल येथे त्यांनी पहिले विद्यालय उघडले. शरीर, मन व आत्मा मिळून माणूस एक आहे, हे या विद्येचे आद्य सूत्र होय.

मग महाविद्यालय निवडताना केवळ शुल्क व निकालच पाहावेत काय? जेथे हे सूत्र रुग्णाला लागू असते, पण विद्यार्थ्याला नाही, तेथील शिकवण अपुरी आहे. झोप, मैत्री व प्रार्थना यांना चार वर्षे पारखा झालेला विद्यार्थी रुग्णातील माणूस कसा ओळखणार?

कोणी म्हणेल, रुग्ण ताटकळत असता विसावा घेणे हा स्वार्थ नव्हे काय? कफर्णहूम येथे सारे गाव दाराशी लोटले होते. तरी पहाटे प्रभू येशू एकांतात प्रार्थनेस गेला. लोक शोधीत आले, तेव्हा तो तेथूनच पुढील गावांच्या सेवेस निघाला.

विसावा म्हणजे सेवेतून पळ नव्हे, तर सेवेची शिदोरी होय. दूर शिकणाऱ्या आपल्या लेकरांना गुणांआधी एवढे अवश्य विचारावे: बाळा, रविवारची मिस्सा साधते ना? जेवतोस ना?